अर्धे तिकीट

(एका कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



2017 सालच्या मे महिन्यातील गोष्ट. साताऱ्याहून वाईकडे निघालेल्या एस.टी.त एक आई आपल्या मुलाला घेऊन बसली होती. माहेरी चार दिवस राहायचे होते. मांडीवर कपड्यांची पिशवी, पिशवीत वर ठेवलेला कंदी पेढ्यांचा पुडा, आणि चिरंजीवांनी अर्थातच खिडकी पटकावलेली. वाहक तिकिटे देत देत जवळ आला. मुलाकडे पाहून त्याने नेहमीचा प्रश्न केला, "बाळाचं वय किती हो ताई?" मुलगा अंगाने किरकोळ. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "साडेचार."

चिरंजीवांनी बाहेर काढलेली मान आत घेतली आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारले, "आई, मग परवा तू मला ओवाळलंस, तो सहावा वाढदिवस कुणाचा होता?"

गाडीत हशा पिकला. पुढच्या बाकावरचे एक आजोबा तर उपरणे तोंडाला लावून हसू लागले. वाहक मुरलेला गृहस्थ होता. त्याने आईकडे पाहिलेही नाही. मुलालाच म्हणाला, "या साहेब, तुमचं तिकीट तुमच्याच हातात देतो." यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघाली, ती त्याने मुलाच्या मुठीत ठेवली. वाई येईपर्यंत ती मूठ उघडली नाही.

हा प्रसंग पुढे त्या घरात अनेकदा सांगितला गेला. मामाने सांगितला, आजीने सांगितला, वडिलांनी तर कार्यालयात सांगितला. प्रत्येक वेळी सगळे हसले. आईही हसली. मात्र हसताना ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत असे, हे फक्त आजीच्या लक्षात आले होते. पैशांचा प्रश्न किरकोळ होता. फुकट आणि अर्धे यांत त्या प्रवासापुरते थोड्याशा रुपयांचे अंतर. परंतु ज्या मुलाला ती रोज संध्याकाळी शुभंकरोती झाल्यावर 'खरे बोलावे' म्हणून गोष्ट सांगत असे, त्याने ती गोष्ट भर गाडीत खरी धरली होती.

एस.टी.चा नियम सर्वांना ठाऊक आहे. पाच वर्षांपर्यंत फुकट, पाच ते बारा अर्धे, पुढे पूर्ण. रेल्वेतही वयाची हीच मर्यादा. मात्र 2016 च्या एप्रिलपासून आरक्षित डब्यात मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असेल, तर पाच ते बारा वर्षांच्या मुलालाही पूर्ण भाडे पडू लागले. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून या महाराष्ट्रात किती मुले 'साडेचार' वर्षांची राहिली असतील, याची गणती कोणी केलेली नाही. काहींची तर दुसरीची परीक्षा साडेचाराव्या वर्षीच झाली असावी!

अलीकडे या तिकिटांच्या गणितात मोठी गंमत झाली आहे. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि 2023 च्या मार्चपासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. त्यानंतर एक कुटुंब पंढरपूरला निघाले होते. आजी-आजोबा दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे, म्हणून शून्य. आई अर्धी. सात वर्षांची मुलगी अर्धी. कडेवरचा भाऊ शून्य. राहता राहिले वडील. मुलीने बोटांवर हिशोब केला आणि विचारले, "म्हणजे आपल्या घरात पूर्ण माणूस एकटे बाबाच?" आजी तत्काळ म्हणाली, "सरकार म्हणतं खरं तसं." वडिलांनी उरलेला प्रवास पूर्ण माणसाला शोभेल अशा गांभीर्याने वर्तमानपत्र वाचण्यात घालवला.

घरातील विनोद हा असा असतो. त्याला कोणी रचत नाही. मुले तर्काने बोलतात, आणि मोठ्यांच्या जगात तर्क फारसा चालत नसल्यामुळे ते बोलणे विनोदी ठरते. भाषेचेच पाहा. तीन-साडेतीन वर्षांचे मूल मोठ्या अभिमानाने येऊन सांगते, "आई, मी सगळा अभ्यास करला." आपण हसतो आणि 'केला' म्हणून दुरुस्त करतो. पण विचार केला तर चूक कोणाची? 'बस'चे 'बसला', 'धर'चे 'धरला', 'पड'चे 'पडला', मग 'कर'चे 'करला' का होऊ नये? त्या पोराला कोणी व्याकरण शिकवलेले नाही. ऐकता ऐकता त्याने स्वतः नियम शोधून काढला आणि तो प्रामाणिकपणे लावला. नियम मोडला आहे तो भाषेने. 'जा'चे 'गेला' करणारे आपण, आणि हसतो मात्र त्याला. कोर्नेई चुकोव्स्की नावाच्या रशियन लेखकाने लहान मुलांची अशी बोलणी वर्षानुवर्षे टिपून ठेवली आणि 'दोन ते पाच' या नावाचे पुस्तक केले. आपल्या घराघरांतून असे पुस्तक दर महिन्याला तयार होते आणि कोणी लिहून न ठेवल्यामुळे दर महिन्याला हरवते.

ऐकण्यातील घोटाळे हा त्याच पुस्तकातला दुसरा अध्याय. गणेशोत्सवात एका घरी आरती चालू असताना पाच वर्षांची मुलगी मूर्तीकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दिशेने हात जोडून उभी असलेली दिसली. आरती संपल्यावर काकूने विचारले, "अगं, गणपती इकडे आहे, तिकडे काय?" ती म्हणाली, "फळीवर वंदना म्हणाले ना सगळे! फळी तिकडे आहे." लोणच्याच्या बरण्यांना त्या दिवशी साग्रसंगीत वंदना घडली. पुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे. तिने विचारले, "मग खरं काय आहे?" वडिलांनी ऐटीत सांगितले, "फणिवरबंधना." "म्हणजे काय?" ऐट तेथेच संपली. गेली तीस वर्षे टाळ्या वाजवत म्हटलेला शब्द. अर्थ कोणालाच सांगता येईना. काका म्हणाले, फणी म्हणजे कंगवा. आत्या म्हणाली, काहीतरी फणसासारखे असावे. शेवटी शब्दकोश काढला गेला. फणी म्हणजे नाग, फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग, आणि तो ज्याने कमरेला बांधला आहे तो फणिवरबंधन. वडिलांना आपल्या दैवताच्या कंबरपट्ट्याची ओळख वयाच्या अडतिसाव्या वर्षी झाली, ती फळीमुळे.

बालकांच्या अशा ऐकण्यावर एका थोर नाटकाचा शेवट उभा आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कालिदासाच्या 'शाकुंतला'तील सातवा अंक. मारीच ऋषींच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा हट्टी मुलगा. त्याला छाव्यापासून दूर करण्यासाठी तापसी मातीचा रंगीत मोर आणून दाखवते आणि म्हणते, या शकुंताचे, म्हणजे पक्ष्याचे, लावण्य पाहा. मुलगा 'शकुंत-लावण्य' या शब्दांतून आईचे नाव तेवढे ऐकतो आणि विचारतो, आई कुठे आहे? दुष्यंताला या मुलाच्या मातेचे नाव कळते ते असे. बोटातील मुद्रिका हरवल्याने जे सूत्र तुटले, ते जुळण्याचा एक धागा कवीने लहान मुलाच्या अर्धवट ऐकण्यात ठेवला. घरात मूल वावरलेले पाहिल्याशिवाय असे सुचत नाही. खेळणे दाखवून मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवण्याची युक्तीही तीच. फरक एवढाच, की हल्ली मोराच्या जागी मोबाईल आला आहे, आणि त्याकडे पाहून कोणतेही मूल आईची आठवण काढत नाही.

आता घरातून रस्त्यावर येऊ.

रात्रीच्या प्रवासात गाडीच्या काचेला नाक लावून बसलेल्या बहुतेक मुलांना एक प्रश्न पडतो. चांदोबा आपल्याबरोबर का येतो? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (1896-1980) यांनी मुलांना सूर्यचंद्रांविषयी असेच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे नोंदवली. लहान मुले खात्रीने सांगत, की चंद्र आपल्या मागोमाग चालतो. खरे कारण सोपे आहे. रस्त्याकडेची झाडे जवळ असल्याने भराभर मागे जातात, दूरचा डोंगर सावकाश सरकतो, आणि चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर असल्याने आपण पन्नास किलोमीटर गेलो तरी त्याची दिशा आपल्या डोळ्यांना कळण्याइतकी बदलत नाही. एका वडिलांनी कोल्हापूरहून परतताना आपल्या मुलीला हे सारे समजावून सांगितले. शेजारच्या आजोबांनी मात्र पहिल्याच वाक्याला सांगून टाकले होते, "तू एकटी घाबरशील म्हणून येतो." मुलीने दोन्ही उत्तरे ऐकून घेतली. थोड्या वेळाने तिने तिसराच प्रश्न काढला. "त्या समोरच्या गाडीतली मुलगी उलट्या बाजूला चालली आहे. तिच्याबरोबरही तो जातो का?" वडील म्हणाले, "हो." "मग तो रात्री झोपायला कुणाकडे जातो?" विज्ञान आणि आजोबा दोघेही निरुत्तर झाले, आणि प्रश्न विचारणारी तेवढ्यात झोपीही गेली.

रेल्वेचा बोरघाट हा तर मुलांचाच प्रांत. 1863 साली हा घाट रेल्वेला खुला झाला. खंडाळ्याच्या कड्यावर चढताना रूळ काही ठिकाणी 37 फुटांत 1 फूट वर जातात. रेल्वेच्या हिशोबात हा फार मोठा चढ, म्हणून बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडत आले आहेत. ती जोडली जाईपर्यंत फलाटावरचा गरम वडा डब्यात येतो. मग सुरू होते बोगद्यांची मोजणी. हे बोगदे पंचवीसहून अधिक आहेत, पण त्यांची खरी संख्या कोणत्याही कुटुंबात दोन सदस्यांना मान्य झालेली नाही. एका घरातील थोरल्याने सत्तावीस मोजले, धाकटीने एकतीस. तपास करता असे आढळले, की धाकटीने वड्याचा घास घेताना डोळे मिटले, तो काळोखही तिने बोगद्यात धरला होता! त्या दिवशी तिला मागच्या इंजिनाचे फार कौतुक वाटले. "पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही, पण ढकलतं तेच ना?" घरी आल्यावर तिने आजीचे नाव 'मागचं इंजिन' ठेवले. आजीला प्रथम राग आला. अर्थ कळल्यावर मात्र तिने शेजारी जाऊन ते नाव स्वतःच सांगितले.

खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणे सर्वांच्या परिचयाची आहेत, त्यांवर अधिक बोलण्याचे कारण नाही. वाटणीच्या भांडणांत मात्र आजीइतका मुत्सद्दी कोणी नसतो. कोकम सरबताची वाटणी चाललेली असताना धाकट्याने "दादाला जास्त" म्हणून भोकाड पसरले. आजीने काही न बोलता त्याचे सरबत बसक्या पेल्यातून उंच, अरुंद पेल्यात ओतले. पातळी वर चढली, भोकाड थांबले. सहा-सात वर्षांच्या आतील मुलाला उंच दिसते ते अधिक वाटते, हे पियाजे यांनी प्रयोगाने दाखवले. आजीने त्यांचे नावही ऐकलेले नव्हते. तिची पंचाईत दोन वर्षांनी झाली. तोच धाकटा आता म्हणाला, "आजी, फसवू नकोस, तेवढंच आहे ते." आजीने आनंदाने सांगितले, "पोर मोठं झालं," आणि मग उंच पेला कपाटात मागे ठेवून दिला.

वाहन घरचे असले की प्रवासाचे रूप बदलते. पुढे दोघे, मागे मुले, आणि मधे रस्ता सांगणारा मोबाईल. एका सहलीत वडील तीनदा वळण चुकले. आई तीनदा बोलली. काय बोलली हे येथे सांगणे अनावश्यक आहे. मागून सहा वर्षांच्या मुलाने शांतपणे शेरा मारला, "मोबाईलमधली बाई बघ. बाबा कितीही चुकले तरी ओरडत नाही. पुन्हा पहिल्यापासून रस्ता सांगते." गाडीत काही क्षण शांतता पसरली. पुढे नाक्यावर चहा घेताना आईनेच हसून विचारले, "मग राहतोस का तिच्याकडे?" मुलाने गंभीरपणे विचार केला. "नको. तिला पोळ्या येत नाहीत."

दुचाकीवरील प्रसंग थोडा वेगळा आहे. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, असा तो नियम. चार वर्षांपुढील मुलाला तर शिरस्त्राण कायद्यानेच बंधनकारक आहे. तरीही सकाळी शाळेच्या वेळी कोणत्याही चौकात उभे राहावे. वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, मागे बसलेल्या मुलाच्या डोक्यावर शाळेची टोपी. अशाच एका चौकात लाल दिवा असताना रस्ता मोकळा पाहून एका गृहस्थांनी गाडी पुढे काढली. मागून आवाज आला, "बाबा, लाल! बाई म्हणाल्या, लाल म्हणजे थांबा." गृहस्थ म्हणाले, "अरे, पोलीस नाहीये." मागून उत्तर आले, "पण मी आहे ना!"

हा प्रसंग त्या गृहस्थांनी स्वतः एका बैठकीत सांगितला. सांगताना सगळे हसले आणि शेवटच्या शब्दाला तेच थोडे अडखळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलासाठी लहान शिरस्त्राण आणले. मुलाने त्यावर चांदण्यांची चित्रे चिकटवली. आता चौकात दिवा लाल झाला की मागून एक लहान हात त्यांच्या पाठीवर दोनदा थापटतो, आणि हिरवा होईपर्यंत तो हात तेथेच असतो.

मुलांच्या बोलण्याकडे एवढे लक्ष द्यावे, हे आपल्याकडे काही जणांना फार लवकर कळले होते. भावनगरचे गिजुभाई बधेका पेशाने वकील. पण मुलाच्या जन्मानंतर त्यांचे मन बालशिक्षणाकडे वळले, आणि 1920 साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या या माणसाला गुजरातने 'मूछाळी मा', मिशा असलेली आई, म्हटले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून पुढे महाराष्ट्रात आल्या, आणि बोर्डी व कोसबाडच्या परिसरात त्यांनी व अनुताई वाघ यांनी वनवासी मुलांसाठी शाळा काढल्या. तेथील एक कल्पना तर ऐकूनच आनंद वाटावा अशी आहे. मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. मग शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि पलीकडे झाडाखाली पाठ चालला आहे. नाव ठेवले कुरणशाळा. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की विद्यार्थी उठून जाणार, हे त्या शाळेत गृहीतच असणार. ताराबाईंना ते चालत होते. आपल्याला मात्र मुलाने जेवताना मधेच एक प्रश्न विचारलेला चालत नाही, "आधी गिळ मुकाट्याने" म्हणतो. तो प्रश्न अन्नाबरोबर गिळला जातो.

नोकरदार घरांची अडचण कोणी नाकारत नाही. आई-वडील दोघे बाहेर, आठवड्याचे सहा दिवस धावपळीचे, रविवारी कपाट आवरायचे. अशा घरात मुलांना निवांत वेळ मिळतो तो बहुधा प्रवासातच, कारण तेव्हा आई-वडिलांना उठून कुठे जाता येत नाही! गाडी घाटात अडकली की मोठी माणसे घड्याळ पाहतात, आणि मुले भेंड्या सुरू करतात. 'ण' अक्षर आले की कोणीतरी चिडते. मुले मोठी झाल्यावर त्यांना पाहिलेले देऊळ आठवत नाही. टायर पंक्चर झाला तेव्हा आजोबांनी दगडावर बसून कलिंगड फोडले होते, ते आठवते.

आरंभी सांगितलेल्या त्या सातारच्या घराचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्या प्रवासानंतर आईने वयाचा प्रश्न कधी येऊ दिला नाही. वाहक दिसला की ती आधीच म्हणे, "एक पूर्ण, एक अर्धे." अर्धे तिकीट मुलाच्या हाती जाई. पहिले तिकीट त्याने कंपासपेटीत ठेवले होते. कागद यंत्रातला, उन्हाने आणि हाताळण्याने त्यावरची अक्षरे वर्षभरातच उडाली. कोरी चिठ्ठी राहिली, तरी त्याने टाकली नाही.

2023 सालच्या मे महिन्यात दोघे पुन्हा वाईला निघाले. मुलगा आता आईच्या खांद्याच्या वर गेलेला. खिडकी त्याने आईला दिली होती. वाहक आला तेव्हा आईने पर्स उघडली, पण बोलला तो.

"एक पूर्ण, एक अर्धे."

वाहकाने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि हसत विचारले, "अर्धं तुझं का रे?"

"नाही," तो म्हणाला, "मला परवा बारा पूर्ण झाली. अर्धं आईचं."

यंत्रातून दोन चिठ्ठ्या निघाल्या. अर्धी त्याने आईच्या हातात दिली, आणि वाई येईपर्यंत तिने ती मुठीत धरून ठेवली.